लहान पडलेला सांधा

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या गावच्या सभागृहाच्या माळ्यावर माझा डावा पाय अडकला, आणि दुपारी अडीच वाजून गेल्यावर सुटला. मध्ये जे झालं ते गावात चार तऱ्हांनी सांगतात. मी तिथे होते, म्हणून मी सांगते.

त्या हिवाळ्यात छपरावर मीटरभर बर्फ साचला होता. वर पाऊस पडला, मग पुन्हा गोठलं. बर्फ असा भिजून गोठला की दगडासारखा जड होतो. सभागृहाचं दार घासायला लागलं, छत मधोमध चार बोटं खाली आलं, आणि सभागृह चालवणाऱ्या मंडळाच्या बाईंनी टोर्डकाकाला फोन केला. टोर्डकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वय चौसष्ट, गावातला सगळ्यात जुना सुतार. एकोणिसाव्या वर्षापासून मी त्याच्या हाताखाली शिकले, आणि आता अडतीस वर्षांची झाले तरी गाडीच्या दारावर त्याच्या नावाखालीच माझं नाव आहे.

काम सरळ होतं. छप्पर पाच लाकडी कैच्यांवर, म्हणजे मोठ्या त्रिकोणी चौकटींवर, उभं आहे. मधल्या कैचीची तळची तुळई दोन तुकडे जोडून केलेली, आणि नेमकी त्या सांध्यावर वाकत चाललेली. खालून टेकू लावून ती जॅकनं जरा उचलायची, दोन्ही अंगांना जाड फळ्या बसवायच्या आणि आरपार बोल्ट मारून आवळायचं. मोडलेल्या हाडाला दोन्ही बाजूंनी कामट्या बांधाव्यात तसं.

काका खाली दालनात, जॅकपाशी. मी वर माळ्यावर. तुळईशेजारच्या छताच्या दोन फळ्या आम्ही काढल्या होत्या, त्या फटीतून आम्ही एकमेकांना दिसत होतो. पहिली फळी मी तुळईला लावून ठेवली होती, दोन भोकं पाडून झाली होती. तिसऱ्या भोकासाठी, थंडी अडवायला माळ्यावर पसरलेल्या भुश्यात गुडघे टेकले, एवढ्यात सांध्यानं आवाज केला. मोठा नव्हता. तळ्यावरचा बर्फ तडकतो तसा.

तुळई दोन बोटं खाली बसली. वरच्या वाशाला आधार देणारा तिरका दांडा आपल्या खाचेतून निसटला आणि छताच्या फळ्या पेलणाऱ्या दोन लाकडी कड्यांवर आडवा पडून घट्ट रुतला. त्या दोन कड्यांमध्ये माझी पोटरी होती.

ओरडले की नाही, आठवत नाही. काका म्हणतो, ओरडले नाही, म्हणून तो घाबरला.

"इल्वा! ए इल्वा! बोल काहीतरी!"

"पाय अडकलाय. मोडलाय बहुतेक. ये वर."

"येता येत नाही."

"म्हणजे?"

"जॅकखालची जमिनीची फळी खचली. टेकू तिरका झालाय. खांदा लावून धरलाय मी. सोडला तर सटकेल, मग तुळई तुझ्यासकट खाली."

मी मान वळवून फटीतून पाहिलं. काका टेकूला मिठी मारून उभा होता, गाल लाकडाला चिकटलेला.

"फोन कुठाय तुझा?"

"खिडकीत. कॉफीच्या थर्मासशेजारी. इथून दिसतोय. तुझा?"

"गाडीत."

"हुशार घराणं आपलं," काका म्हणाला.

सभागृहात संध्याकाळी सहाला गायनाच्या बायका येणार होत्या. तोवर कुणी नाही. आम्ही हाका मारून पाहिल्या, पण मीटरभर बर्फाखाली आवाज दुलईत शिरल्यासारखा जिरतो. एकदा रस्त्यावरून बर्फ लोटणारी गाडी गेली. चालवणाऱ्या मोनानं आमची गाडी ओळखून दोनदा भोंगा वाजवला. नमस्कार म्हणून. आम्ही दोघंही बेंबीच्या देठापासून ओरडलो. ती निघून गेली.

पाय आधी आगीसारखा जळत होता, मग बधिर झाला. बधिर झाल्यावर मी जास्त घाबरले. उठून बसता येत नव्हतं. एका कुशीवर, कोपरावर रेलून, तोंड तुळईपाशी. हातभर अंतरावर तो सांधा, आणि आता त्याचा जबडा उघडलेला. बॅटरीच्या उजेडात आतलं लाकूड स्वच्छ पिवळं दिसत होतं. पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तोच पाहत राहिले.

असा सांधा तुळईच्या जाडीच्या निदान तिप्पट लांब हवा. काकानंच मला शिकवलेलं. हा जेमतेम दीडपट होता. बोल्टांची पाच भोकं पाडलेली, पण बोल्ट तीनच. उरलेल्या दोन भोकांत लाकडी खुंट्या ठोकून, घासून, वरून रंग मारलेला. बाहेरून कुणाला कळणार नाही. आणि आत, कापलेल्या तोंडावर, पेन्सिलनं काढलेला एक छोटा मासा.

खालची बाजू ओळखायला प्रत्येक सुतार काहीतरी खूण करतो. कुणी त्रिकोण, कुणी फुली. मासा काढणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो खाली टेकू धरून उभा होता.

गावाला ठाऊक असलेली गोष्ट वेगळी होती. तेवीस वर्षांपूर्वी हे छप्पर काका आणि त्याचा भागीदार सिक्स्टेन यांनी दुरुस्त केलं. दोन हिवाळ्यांत मधली कैची जराशी झुकली; तिथेच थांबली म्हणून छत कुणी उघडलं नाही, पण मधली कैची सिक्स्टेनची होती असं सगळे म्हणाले. भागीदारी मोडली. सिक्स्टेनला पुन्हा कुणी छपराचं काम दिलं नाही. तो खडीचा ट्रक चालवू लागला, फावल्या वेळात लोकांच्या सॉनातले, म्हणजे वाफेच्या न्हाणीतले, बाक दुरुस्त करू लागला. दुकानात भेटला की काका मान खाली घालून दुधाच्या खोक्यांवरच्या तारखा वाचायचा. मला वाटायचं, राग आहे.

"काका," मी म्हटलं, "इथे मासा आहे."

खाली त्यानं टेकूवरची पकड बदलली.

"ऐकलंस का?"

"ऐकलं."

"दोन बोल्ट नाहीत. खुंट्या आहेत."

"माहीत आहे मला काय आहे ते."

तो टेकू सोडून जाऊ शकत नव्हता आणि मी तोंड फिरवू शकत नव्हते. एरवी आमच्या घराण्यात असं काही निघालं की कुणीतरी लाकडं फोडायला बाहेर जातं.

"सिक्स्टेनची आई त्या आठवड्यात गेली," शेवटी काका म्हणाला. "तो घरी होता. मी एकट्यानं केलं. तुळईचा दुसरा तुकडा कापताना वीतभर चुकलो. लहान पडला. नवं लाकूड आणायला चार दिवस लागले असते, आणि शनिवारी उन्हाळ्याचा नाच होता. बोल्टही संपले होते. म्हटलं, सोमवारी येऊन नीट करीन."

"मग?"

"सोमवारी मंडळानं छत बंद करून टाकलं होतं. रंगसुद्धा दिला."

"आणि सिक्स्टेनचं नाव आलं तेव्हा?"

"मी घेतलं नाही त्याचं नाव. लोकांनी घेतलं."

"तू गप्प बसलास."

"हो. गप्प बसलो." त्याचा आवाज चिरका झाला. "एक दिवस गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी तोंड उघडायला दुप्पट जड जातं, इल्वा. वर्षभरानं तर उघडतच नाही. दर हिवाळ्यात बर्फ पडला की मी इथून गाडी नेतो. आढं सरळ आहे का बघतो. आत माणसं नाचत असली तर ती बाहेर पडेपर्यंत समोर थांबतो. तेवीस वर्षं. मी काही सुटलो नाही यातून."

मला त्याची कीव आली आणि संतापही आला. संतापाचा उपयोग जास्त झाला, अंगात ऊब आली.

"तुझा खांदा किती वेळ टिकेल?"

"थरथरतोय."

"मग रडू नकोस. फळी जागेवर आहे. मीच बांधते."

हाताच्या टप्प्यात काय होतं ते सांगते. फळी लावलेली, पण एकाच अंगाला. एक शिकंजा. स्क्रू मारायचं यंत्र, बॅटरी अर्धी. लांब स्क्रूंचा डबा. दोन बोल्ट, पाना आणि पटाशी. पाय अडकलेला, त्यामुळे फळीच्या एका टोकापर्यंतच हात पोचत होता. फळी मी इंचाइंचानं माझ्याकडे ओढली, सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी येईपर्यंत. शिकंजा लावून दातओठ खाऊन आवळला. मग स्क्रू. कुशीवर पडून एका हातानं स्क्रू मारताना यंत्र उलट मनगट पिरगळतं. अठ्ठावीस स्क्रू गेले आणि बॅटरी मेली.

"किती झाले?" काकानं विचारलं.

"अठ्ठावीस."

"नागमोडी मारलेस ना? एका रेषेत मारलेस तर लाकूड चिरेल."

"टोर्ड," मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा काका न म्हणता, "तू मला आज सांधे शिकवू नकोस."

त्यानं खांदा टेकूवर आणखी घट्ट रोवला.

बोल्टांना जास्त वेळ लागला. फळी सरकल्यामुळे तिची भोकं तुळईतल्या जुन्या भोकांसमोर येत नव्हती. खुंटीवाल्या भोकांपैकी एक मात्र जवळजवळ समोर आलं. मी पान्याच्या दांड्यानं ती खुंटी ठोकून बाहेर काढली. त्याच जागी, जिथे तो तेवीस वर्षांपूर्वी जायला हवा होता, बोल्ट गेला. दुसऱ्यासाठी पटाशीनं भोक कोरून रुंद केलं. बोटं गारठली होती, नट दोनदा भुश्यात पडला, दोनदा चाचपडून शोधला. शेवटचा फेरा आवळला तेव्हा सांध्याचा जबडा जवळजवळ मिटला होता.

"आता हळूच खांदा काढ," मी म्हटलं.

"नाही धरलं तर?"

"धरलं नाही तर मलाच आधी कळेल."

टेकू कुरकुरला आणि जमिनीवर पडला. तुळई हलली नाही. काकाची पावलं मला खिडकीपर्यंत जाताना ऐकू आली. पळत नव्हती, फरपटत होती.

रुग्णवाहिका ओस्टरसुंड शहरातून यायला पाऊण तास लागणार होता. तोवर दांड्यावरचं वजन उचलायला वासा वर ढकलणारा माणूस हवा होता, आणि काकाचा उजवा हात आता चमचा उचलण्याच्याही लायकीचा नव्हता. सभागृहापासून चारशे मीटरवर असं काम येणारा एकच माणूस राहत होता. काका फोन हातात धरून किती वेळ उभा राहिला, ते मला फटीतून दिसलं. मग त्यानं आकडे दाबले.

"सिक्स्टेन, टोर्ड बोलतोय. इल्वा माळ्यावर अडकलीय. जॅक घेऊन ये."

दहा मिनिटांत सिक्स्टेन शिडीवरून वर आला. घरातल्या लोकरी चपलाच पायात, अंगावर पिसांचं जाकीट, हातात बाटलीसारखा छोटा जॅक. माझा चेहरा पाहिला, पाय पाहिला, मग सांधा. तिथे त्याची नजर जरा थांबली. मासा मिटलेल्या सांध्यात दिसेनासा झाला होता, पण लांबी आणि खुंटी दिसत होती, आणि त्याला तेवढं पुरलं.

"फळी तू लावलीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"पडून?"

"हो."

"बरी लागलीय." त्यानं तुळईवर एक ठोकळा ठेवला, त्यावर जॅक, जॅकवर लाकडाचा तुकडा, वाशाखाली. "दुखेल हं आता. शिव्या येतात तेवढ्या दे, मला सवय आहे."

वासा दोन बोटं वर गेला, दांडा सैल झाला, आणि रक्त पायात परतलं तेव्हा मी खरोखरच दिल्या. काका शिडीवर अर्ध्यात उभा होता. वर यायचं धाडस झालं नाही त्याला.

"सिक्स्टेन," तो म्हणाला, "हा सांधा..."

"आधी पोरीला खाली घेऊ," सिक्स्टेन म्हणाला. "तू तेवीस वर्षं थांबलास, अजून अर्धा तास थांब."

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. मार्चमध्ये मंडळाच्या वार्षिक सभेला मी कुबड्या घेऊन गेले. काका उठला आणि खुर्चीची पाठ धरून त्यानं सगळं सांगितलं, तारखांसकट. मग मंडळाच्या बाईंनी सिक्स्टेनला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का.

"माफी नको," तो म्हणाला. "काम द्या. पाचही कैच्यांचं."

काम त्याला मिळालं. मे महिन्यात बर्फ उतरल्यावर सुरू झालं. पाय बरा होताच मी त्याच्यासोबत वर चढले. काका खाली अंगणात फळ्या कापून देई. दोघांत मापांखेरीज शब्द नव्हता. एकदा डबे उघडून बसलो असताना मी सिक्स्टेनला विचारलं, "तुला शंका आली नव्हती कधी?"

"शंका कसली? मधल्या कैचीला मी हातच लावला नव्हता."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं पावावरचं चीज नीट सारखं केलं. "गाव माझ्याकडे विचारायला आलंच नाही गं. निकाल ऐकवायला आलं. आणि ज्यानं बोलायचं तो माझ्या शेजारी उभा होता."

जूनमध्ये शेवटची कैची झाली. सिक्स्टेननं वरून माप सांगितलं, काकानं फळी कापून वर दिली. ती मिलिमीटरभर लांब होती. सिक्स्टेननं ती रंध्यानं घासली, काही न बोलता बसवली, आणि खाली हात करून पुढची मागितली.