राहण्याचं ठिकाण: गोठा

नगरपंचायतीच्या अध्यक्षांचा दुमजली बंगला घरपट्टीच्या वहीत सहा वर्षं 'गोठा' म्हणून मिरवत होता, कारण गोठ्याला पट्टी माफ. आणि त्याच अध्यक्षांनी कचेरीत नोंदणीचं काम बघणाऱ्या बाईंच्या सासऱ्यांचा खराखुरा गोठा मात्र 'पक्कं घर' करून टाकला होता. आत खाट दिसली, एवढंच निमित्त. म्हातारा आजारी गाईजवळ निजायचा. पट्टी भरायला शेवटी तीच गाय विकावी लागली, आणि तेव्हापासून सासरे खचले ते खचलेच.



आज अध्यक्ष हसत हसत टेबलापाशी आले. लेकाला परदेशात नोकरी लागली होती, त्यासाठी राहत्या घराचा दाखला हवा होता. "दोन ओळींचं काम आहे बाई, आत्ताच उरका."

बाईंनी लगेच उरकलं. वही उघडली, वळणदार अक्षरात दाखला लिहिला आणि त्यावर शिक्का हाणला.

अध्यक्षांचा चेहरा पडला. "मी गोठ्यात राहतो?"

"वहीत आहे तेच लिहिलंय, साहेब. नोंदीखाली सही तुमचीच आहे."

"मग वही दुरुस्त करा."

"करते की. पण पक्कं घर ठरवायचं तर आत खाट दिसावी लागते, हा तुमचाच नियम." बाईंनी शांतपणे वही मिटली. "सासरे बाहेर बाकावर बसलेत. तुमची खाट बघायला त्यांनाच पाठवते."