तांदळाच्या मडक्यातली मेणबत्ती

“मेणबत्ती आसा मां तुझ्याकडे?” दगडी गडग्यापलीकडून फिलोमेनाने विचारले.

रोजीन अंगणात काजूगर सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. तीन वर्षांत या बाईने तिच्याशी शब्द काढला नव्हता, आणि आज काढला तो मागण्यासाठी!

“आसा,” ती म्हणाली.

“दी तर. पावलूचा काय खरा नाय. पाद्री सकाळी शेवटचा तेल लावून सावंतवाडीक गेलो. आता श्वास वर लागलोहा.”

“तुझ्यो खंय गेल्यो? डझनभर होत्यो पेटीत.”

फिलोमेना खालच्या आवाजात म्हणाली, “वितळल्यो. सगळ्यांचो एकच गोळो झालो. वात काय गावणा नाय.”

रोजीनला हसू आले, आणि ते तिने दाबलेही नाही. मे महिना, तापलेली कौले, त्याखाली माळ्यावर पत्र्याची पेटी. जपून जपून बाईने मेणाचे ढेकूळ जपले होते. वेंगुर्ल्याच्या त्या वाडीत किरिस्तांवांची घरे तीनच. तिसऱ्याला कुलूप, माणसे मुंबईला. म्हणजे दोन फेब्रुवारीला इगर्जीत पाद्र्याने आशीर्वाद दिलेली, मरणाऱ्याच्या हातात द्यायची मेणबत्ती आता एकट्या रोजीनकडे होती.

तीन वर्षांपूर्वी ती स्वतः याच गडग्याशी उभी होती. तिचा नवरा इनास शेवटच्या घटका मोजत होता आणि घरातली एकुलती मेणबत्ती उंदरांनी कुरतडली होती. तेव्हा ती फिलोमेनाला फिलूबाय म्हणायची. “फिलूबाय, एक दी गो.” “सरल्यो गो. एक पण नाय.” इनास रिकाम्या मुठीने गेला. पंधरा दिवसांनी विजा कडाडल्या, तेव्हा घरावर वीज पडू नये म्हणून फिलोमेनाच्या खिडकीत तसलीच आशीर्वादाची मेणबत्ती जळत होती. एक नाही, दोन! रोजीनने आपल्या दारातून मोजल्या. दर फेब्रुवारीला ती डझनभर आणते, हे रोजीनला ठाऊक होतेच. तेव्हापासून इगर्जीतून आणलेली आपली एकुलती मेणबत्ती ती तांदळाच्या मडक्यात खोल पुरून ठेवू लागली. तिथे उंदीर जात नाही, ऊनही जात नाही. ती तिने स्वतःच्या मरणासाठी ठेवली होती.

“सरली म्हणान सांगू?” रोजीनने विचारले. “तू सांगितलंस तसा?”

फिलोमेनाने गडग्याचा दगड घट्ट धरला. माफी मागेल तर ती फिलोमेना कसली! ती नुसती उभी राहिली आणि रोजीनला तिचा आणखीच राग आला.

फिलोमेनाच्या नवऱ्याशी, पावलूशी, तिचे वैर नव्हते. पण त्याने तरी बायकोला कुठे अडवले होते? मग तिला यंदाचा फेब्रुवारी आठवला. इगर्जीभोवती मिरवणूक चालली होती, खाडीवरून वारा सुटला आणि तिची मेणबत्ती विझली. पुढच्याने वळून मागच्याला ज्योत द्यायची, ही तिथली रीत. तिच्यापुढे नेमका पावलू. खोकत खोकत तो वळला, तळहाताचा आडोसा केला आणि आपली मेणबत्ती तिच्या वातीला लावली. फिलोमेना डोळे वटारून बघत होती, तरी लावली. मडक्यातली मेणबत्ती त्याच्या ज्योतीवर पेटली होती. ती पावलूला नाकारायला रोजीनला कारण सापडेना. तिने शोधले मात्र पुष्कळ.

तिने घरात जाऊन मडक्यात कोपरापर्यंत हात घातला.

“हाड हय,” ती मेणबत्ती घेऊन येताच फिलोमेनाने गडग्यावरून हात पुढे केला.

“तुझ्या हातात नाय देवचंय. तुका देणय नाय मी, पावलूक देतंय.”

पलीकडच्या घरात खाटेवर पावलूचे डोळे उघडे होते. फिलोमेनाने त्याची बोटे पेटवलेल्या मेणबत्तीभोवती वळवली, पण ती पुन्हा सुटली, मेणबत्ती कलली आणि ज्योत विझू लागली.

“सोड,” रोजीन म्हणाली. काजूच्या तेलाने काळी पडलेली आपली बोटे तिने पावलूच्या बोटांवर आवळली. काळे म्हणून याच हातांचे पाणी फिलोमेना कधी घेत नसे. आता ती नवऱ्याच्या कानाशी वाकून “जेजू, जेजू” म्हणत राहिली. दारातून आलेल्या दुपारच्या उन्हात ज्योत धड दिसतही नव्हती. पावलूची नजर मात्र तिथेच होती, शेवटपर्यंत.

त्याचे डोळे मिटल्यावर रोजीनने साठवलेले वाक्य बाहेर काढले.

“माझो घोव उजेडाशिवाय गेलो.”

“माका ठावक आसा,” फिलोमेना म्हणाली. “तेवाच पावलूच्या छातीत दुखणा होता. तेच्यासाठी ठेवलेल्यो.”

“बारा हात होते तेका?”

फिलोमेनाने मेणबत्ती विझवली, उरलेला बोटभर तुकडा पदराने पुसला आणि रोजीनपुढे धरला. “तुझी तुका.” उपकार नकोत, हा त्यातला अर्थ रोजीनला पक्का कळला. तिने तुकडा घेतला आणि मागे न बघता घरी आली.

मडक्यात आता नुसते तांदूळ होते. एवढासा तुकडा तिच्या मरणाला पुरण्यातला नव्हता.

इनासची खाट तिने तीन वर्षांत हलवली नव्हती. तिच्या काठावर ती बसली आणि तुकडा पेटवला. जिथे इनासचा उजवा हात असायचा, तिथे चादरीवर आपली मूठ टेकवली आणि जळता तुकडा मुठीत सरळ धरला.

“घे रे,” ती म्हणाली. “उशीर झालो.”

मेण बोटांवर उतरले, चटका बसला. तुकडा संपेपर्यंत तिने मूठ उघडली नाही.