सुट्या भागांच्या दुकानातला मीटर

मित्रांनो, माझ्या काचेला तडा गेला आहे आणि माझी लाल वायर दोनदा सांधलेली आहे. मी काट्याचा मल्टिमीटर, वयाने म्हातारा. वीज कुठून जाते आणि कुठे अडते, हे मी काटा हलवून सांगतो. बोलणं माझ्या स्वभावात नाही, पण आज विषयच तसा आहे.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो तयार झाले. मला घेतलं ते दुकानदारकाकांनी. त्यांच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत लहान लहान खण होते आणि खणांत सुटे भाग, घरी रेडिओ, घंट्या, दिवे जोडत बसणाऱ्या हौशी माणसांसाठी. काकांचा एक नेम होता. प्रत्येक भाग गिऱ्हाइकासमोर मला लावायचा आणि काटा नीट हलला तरच पुडी बांधायची. लोक लांबून येत. मला त्याचा अभिमान वाटे. घाईतली गिऱ्हाइकं मात्र मला 'खडूस' म्हणत.

पुढे काकांचं नाव इतकं झालं, की तपासून मागणं लोकांनाच अवघड वाटू लागलं. "राहू द्या काका, तुमच्यावर विश्वास नाही का आमचा?" असं जो तो म्हणे आणि काका खूश होत. हळूहळू मी काउंटरवरून ड्रॉवरमध्ये गेलो. तिथे कात्री, दोरा आणि सुकलेलं पेन यांची सोबत होती.

दरम्यान काकांना माल देणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याने धंदा बंद केला. नव्याची पाकिटं चकचकीत, छपाई सुबक. काकांनी पाकिटं पाहून खण भरले. मला कोणी विचारलं नाही.

शिवणकाम करणाऱ्या एक ताई दुकानात येत. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली, मान आणि एक बोट तेवढं हलायचं. बोट टेकलं की बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनपाशी वाजेल अशी घंटी ताई स्वतः जोडत होत्या. त्यासाठी तीन पायांचा, डाळीच्या दाण्याएवढा ट्रान्झिस्टर हवा होता. काकांनी ड्रॉवरकडे हात नेला, तोच ताई म्हणाल्या, "राहू द्या हो!"

घंटी चार दिवस वाजली आणि पाचव्या दिवशी मुकी झाली. मशीनच्या आवाजात ताईंना काही कळलं नाही. वडील पाण्यासाठी तासभर बोट टेकत राहिले.

ताई दुकानात आल्या, पण भांडल्या नाहीत. "काका, बाबांना वाटतंय मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कालपासून माझ्याकडे बघतच नाहीयेत."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी मला बाहेर काढलं. पोटातला सेल गळून हिरवा पडला होता. तो बदलून त्यांनी खणातला एकेक ट्रान्झिस्टर लावायला सुरुवात केली. काटा अर्ध्यावरच रेंगाळे. वरची छपाई नवी, आत टाकाऊ माल. चाळिसांत सहाच धड निघाले.

"मीच राहू द्या म्हटलं होतं," ताई म्हणाल्या.

"तुम्ही म्हणाल हो. ऐकलं ते मीच ना?"

काकांनी भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि मला पिशवीत घालून ताईंचं घर गाठलं. नवा भाग जोडून झाल्यावर ते पलंगाशी बसले. वडिलांचं तोंड भिंतीकडे होतं.

"बाबा, मुलीचं काही चुकलं नाही. माझ्या दुकानातला भाग खोटा निघाला. घंटी वाजलीच नव्हती."

वडिलांनी मान वळवली नाही. ताई जाऊन मशीनवर बसल्या. बराच वेळ नुसती मशीनची घरघर ऐकू येत होती. मी पलंगावर पडून होतो आणि मला भीती वाटत होती.

मग बोट टेकलं. घंटी वाजली. ताई गळ्यातल्या टेपसकट धावत आल्या. पाण्याचा पेला भरलेलाच होता, उशी सरळ होती, त्यांना काहीच नको होतं. वडिलांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं आणि ती समोर उभी असतानाच पुन्हा बोट टेकलं.

मित्रांनो, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडूनही वस्तू तपासून घ्या. आणि पुढे दुकान काढलंत, तर कुणी कितीही 'राहू द्या' म्हणो, तपासूनच द्या. त्या वस्तूची कोण वाट पाहत पडलंय, हे काउंटरवरून दिसत नाही.