देवकीची आदोळी

वीजखात्यात पस्तीस वर्षं खांबांवर चढलेला सगुण बायकोच्या गुडघ्याला वीज लावू द्यायला काही केल्या तयार होईना. "आधी माझ्या हाताला लाव," त्याने डिचोलीच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट योगिताला दटावलं. तिने पट्ट्या चिकटवल्या. नुसत्या मुंग्या आल्या.

"एवढीच? ह्याच्यावर काजवासुद्धा पेटायचा नाही!"

"काका, झिजलेला गुडघा नवा होत नाही," योगिता हसून म्हणाली. "पण मांडीत बळ आलं, की दुखणं कमी होईल. घरी व्यायाम मात्र रोज हवा."

दोन वर्षं देवकीला खाली बसताच येत नव्हतं. बुटक्या आदोळीवर बसून नारळ सगुणच खवायचा. पट्ट्या आणि व्यायाम सुरू होऊन सहा आठवडे झाले आणि एका सकाळी देवकी म्हणाली, "उठा. तुमच्या खोबऱ्यात करवंटीच जास्त." भिंतीला धरून ती हळूहळू आदोळीवर बसली. अख्खा नारळ तिने खवला.

आता ही उठणार कशी, म्हणून सगुणने हात पुढे केला.

देवकीने त्या हातात खोबऱ्याची वाटी ठेवली आणि ती आपली आपण उभी राहिली.