दोन्ही हात प्लास्टरमध्ये

जिना नुकताच धुतलेला होता आणि मी घाईत होते. जानेवारीतल्या एका सकाळी मी पायऱ्यांवरून घसरले, पडताना दोन्ही हात पुढे टाकले आणि दोन्ही मनगटं मोडली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर.

मी नयन, वय छप्पन्न. डोंबिवलीच्या एमआयडीसीत माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. सोसायट्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटरी आमच्याकडे येतात. जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरायची, हे आमचं काम. बावीस वर्षांपूर्वी नवरा वारला तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाक. मी विकलं नाही. वाइंडिंग शिकले.

कुणाकडे काही मागायचं नाही, हा माझा नियम होता. शेजारच्या कमळाबाई निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्याच राहतात. त्यांनी कधी वाटीभर खीर दिली, तर मी त्याच संध्याकाळी वाटीत काहीतरी घालून ती परत करायचे. रीत म्हणून नव्हे, मागे काही राहू नये म्हणून.

चिपळूणच्या बहिणीची सासू अंथरुणावर होती, त्यामुळे बहिणीला येणं शक्य नव्हतं. एजन्सीने मदतीला एक बाई पाठवली. ती एक दिवस राहिली, रात्री दार ओढून घेऊन गेली आणि सकाळी आलीच नाही. मला लॅच फिरवता येईना. दहा वाजले तरी पाण्याचा थेंब पोटात नव्हता. शेवटी दाराला तोंड लावून हाक मारली, "काकू!"

कमळाबाई लगेच आल्या. मी खुंटीवरची किल्ली दातांनी काढली, खाली टाकली आणि पायाने दाराखालून बाहेर सरकवली. कमळाबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलं काय विचारलं तर, "दात घासलेस का?"

"नाही."

"चल मग."

त्या दिवसापासून त्या रोज यायला लागल्या. वेणी घालणं, भरवणं, आंघोळ घालणं सगळं त्या करत. पहिल्या दिवशी मी लाजेने डोळे गच्च मिटून घेतले. "मिटलेस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या, "साबण जाणार नाही." मी आभार मानायला लागले की त्या विषय बदलत. सहानुभूतीचा एक शब्दही त्यांच्या तोंडून आला नाही, आणि त्यामुळेच बहुधा मला ते सहन झालं.

वर्कशॉप शालू सांभाळत होती. ती अकरा वर्षं माझ्याकडे आहे. मोटर गिऱ्हाइकाला देण्याआधीची शेवटची तपासणी मात्र कायम मीच करायचे. आता फोन स्पीकरवर ठेवून मी दिवसातून सात-आठ वेळा तिला विचारायचे. तारेचा गेज कुठला घेतलास? वार्निश नीट सुकलं का? एका गुरुवारी ती म्हणाली, "ताई, रागावू नका. पण तुम्ही फोन केला की मला हातातलं काम सोडावं लागतं. अडलं तर मीच फोन करेन ना."

मला राग आला. दोन दिवस मुद्दाम फोन केला नाही. तिचाही आला नाही. त्या आठवड्यात नऊ मोटरी गेल्या आणि एकही परत आली नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका महिला मंडळात माझं भाषण होतं. विषय होता स्वावलंबन. ते डिसेंबरातच ठरलं होतं, लिहूनही झालं होतं. रद्द करणं मला पटेना. कमळाबाई सोबत आल्या आणि पानं उलटायला माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या पानाच्या तळाशी वाक्य होतं, 'या बावीस वर्षांत मी कुणावरही अवलंबून राहिले नाही.' मी ते ठामपणे वाचलं आणि थांबले. कमळाबाईंनी पान उलटलं.

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मी दोन्ही प्लास्टरांकडे पाहिलं.

"हे पडायच्या आधी लिहिलेलं आहे," मी म्हणाले. मग सगळंच सभागृह हसलं.

मी कागद बाजूला ठेवायला सांगितले आणि शालूबद्दल बोलले. म्हणाले, मी स्वतःला स्वावलंबी समजत होते, पण माझ्या वर्कशॉपमधलं पान माझ्याशिवाय हलत नव्हतं आणि त्याचा मला अभिमान होता. स्वतःच्या पायावर उभं राहायचा हक्क मी फक्त स्वतःला दिला होता. एका तरुण बाईने विचारलं, "मग मदत मागावी की नाही?" मी म्हणाले, "मला अजून नीट येत नाही. मी मागितली नव्हती. दार उघडेना म्हणून ओरडले होते."

परतताना कमळाबाई म्हणाल्या, "बरं झालं भाषण. थोडं लांबलं."

मार्चमध्ये प्लास्टर निघालं. बोटं आखडली होती, ती हळूहळू सुटत गेली. शेवटची तपासणी मी शालूकडेच ठेवली आणि आठवड्यातून चारच दिवस जायला लागले. उरलेल्या दिवसांचं काय करायचं ते मला बरेच दिवस कळत नव्हतं.

एप्रिलमध्ये दोन दिवस कमळाबाई दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी बेल वाजवली. त्यांनी काळा चष्मा लावलेला होता. कल्याणला जाऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आल्या होत्या. एकट्या, रिक्षाने.

"मला सांगायचं होतंत," मी म्हणाले. आवाज चढला होता.

"तुला कामं असतात."

"तुम्ही मला दीड महिना आंघोळ घातलीत, काकू!"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

त्या आत वळल्या, मीही मागोमाग गेले. टेबलावर औषधाच्या दोन बाटल्या होत्या. दोन दिवस त्या स्वतःच डोळ्यात थेंब घालत होत्या. निम्मे गालावर जात असणार. गाल चिकट झाला होता. मी बाटली घेतली आणि त्यांना चष्मा काढून मान मागे करायला सांगितलं. माझी बोटं अजून पुरती वळत नव्हती. पहिला थेंब नाकावर पडला.

"नीट," त्या म्हणाल्या.

दुसरा आत गेला. पाच मिनिटांनी दुसऱ्या बाटलीतला घालायचा होता. तोवर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून राहिलो.