शेवटचं नाव लोवेलचं

“मी म्हटलं होतं का तुला, माझं नाव शेवटी टाक म्हणून?” लोवेल स्टेन्स्रूडनं चष्मा कपाळावर चढवला. “बोल की! म्हटलं होतं?”

“नाही,” रेनाटा म्हणाली. “पण रीतच आहे ना तशी.”

रीत होती खरी. शोधनिबंधात राबणाऱ्याचं नाव पहिलं आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं शेवटचं. वाचणारे काय ते समजतात: हात पहिल्याचे, डोकं शेवटच्याचं. लोवेल रेनाटाचा गुरू. मिलवॉकीतल्या त्वचारोग विभागात त्यानंच तिला एक टेबल दिलं, नमुने गोठवायला फ्रीजरमध्ये एक कप्पा दिला. पण या कामात त्यानं इकडची काडी तिकडे केली नव्हती. काखेत, जांघेत गळवं होतात, फुटतात आणि कातडीखाली बिळं पाडत जातात, त्या घाणेरड्या दुखण्याकडे कोणी फिरकायलाच तयार नव्हतं. रेनाटानं ते हाती घेतलं. गळू बसलं तरी आत धुमसणं चालूच असतं, हे तिनं शोधून काढलं. आणि छापायची वेळ आली तेव्हा बाईसाहेबांना कृतज्ञतेचा उमाळा आला आणि शेवटचं नाव टाकलं लोवेलचं! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

नव्या संशोधकांसाठी असलेलं सरकारी अनुदान तिला दुसऱ्यांदा नाकारलं गेलं होतं. परीक्षकांचं म्हणणं, काम उत्तम आहे, पण विचार गुरूचा दिसतो. उमेदवार अजून स्वतःच्या पायावर उभी नाही. आता नवखं म्हणवून घ्यायलाही मुदत असते. रेनाटाची या महिनाअखेर संपत होती. मग पेशंटांचा पाठपुरावा बंद, नमुने कचऱ्यात आणि ती घरी.

“फेरविचाराला अजून वाव आहे,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की कल्पना तिची होती. खोटं नाहीये ते.”

लोवेल खिडकीतून खालच्या गाड्यांवर साचलेला बर्फ बघत राहिला. माणूस वाईट नव्हता. तिच्या आईच्या आजारपणात त्यानं कामाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

“माझं मोठं अनुदान पुढच्या महिन्यात नूतनीकरणाला जातंय,” तो शेवटी म्हणाला. “त्याच निबंधावर उभं आहे गं ते. माझा त्यात हात नव्हता असं मीच लिहून दिलं तर संपलंच. माझ्या जिवावर इथल्या सहा जणांची घरं चालतात, रेनाटा. त्यांना काय सांगू?”

“आणि मला काय सांगाल?”

“तू डॉक्टर आहेस. उद्या कुठल्याही दवाखान्यात बसलीस तरी माझ्या दुप्पट कमावशील. त्यांचं तसं नाही.”

हे खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला. दार आपटावंसं वाटलं, पण ते दार मेलं आपोआप हळूच मिटणारं होतं.

दुपारी तिची जुनी पेशंट ओडेसा प्रूइट तपासणीला आली. ही शाळेची बस चालवायची. स्टिअरिंग फिरवून फिरवून गळवं फुटायची, डाग दिसू नयेत म्हणून उन्हाळ्यातही अंगात जाड काळा स्वेटर.

“काय गं पोरी, सुतकात असल्यासारखी का बसलीस?”

“या दुखण्याचा अभ्यास बंद होतोय, ओडेसाबाई. पैसे नाही मिळाले.”

ओडेसा खाली बघत म्हणाली, “मी मागे एकदा आले नव्हते बघ, बहिणीला पोचवायला मेम्फिसला गेले होते तेव्हा. त्यानं तर नाही ना बिघडलं काही?”

“अहो, नाही हो!” रेनाटाचा आवाज चढला. “तुमचं काही चुकलं नाही. कुणाचंच नाही.”

“मग तू कुठं जाणार?”

“उपनगरात. सुरकुत्या घालवायच्या दवाखान्यात.”

ओडेसा हसली. “बरंय. सुरकुत्यांकडे पैसा असतो. आमच्या गळवांना कोण कुत्रं विचारतंय!”

रेनाटाला हसता आलं नाही. ती मलमपट्टीचं सामान काढायला वळली. पडद्याआड स्वेटर उतरवल्याचा आवाज आला. ती परत वळली तेव्हा ओडेसा गाऊन घालून तपासणीच्या टेबलावर बसली होती आणि तिनं उजवा हात सरळ डोक्यावर उचलला होता. नीट अंघोळ करत जा बाई, असं जिला एकामागून एक डॉक्टरांनी सुनावलं होतं, जिनं नवऱ्यासमोरही कधी बाही वर केली नाही, ती ही बाई.

“घे,” ती म्हणाली. “आजचा कातडीचा तुकडा घेऊन टाक. ठेव तुझ्या त्या फ्रीजरमध्ये. तू नाही तर तुझ्यामागून कोणी येईल, त्याच्या उपयोगी पडेल.”

महिनाअखेर कप्पा रिकामा करायचा होता. मागून कोणी येणार नव्हतं.

“आज नको, ओडेसाबाई.”

“का गं? दुखेल म्हणून? मला सवय आहे.”

वाळलेले व्रण ताणले जात होते, पण ओडेसा हात खाली घेईना. रेनाटानं तिचं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि दुखणार नाही अशा बेतानं तो हात हळूहळू खाली आणला.