मुकादमाचे पंख

लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात एखादा शब्द दिवसभर घुमत असतो. या घरातला शब्द होता, "पडशील!"

गोटीच्या आईच्या तोंडी तो दिवसातून शंभरदा यायचा. गोटी दहा महिन्यांची, नावासारखीच गोल गरगरीत, टेबल धरून उभी राहायला नुकतीच शिकलेली. ती उभी राहिली रे राहिली की आईचा जीव टांगणीला. "पडशील!" की गोटी धपकन खाली.

आईचा तरी काय दोष? ती घरबसल्या एका छापखान्याची प्रुफं तपासायची. चूक छापली जाण्याआधी पकडायची, हाच तिचा पेशा. लाल पेन्सिल कानामागे खोचून ती घरभर वावरायची आणि पुढच्या पानावर काय चुकणार आहे, ते तिला घरातही आधीच दिसायचं.

घरातला दुसरा बोलघेवडा म्हणजे मुकादम. राखाडी अंगाचा, तांबड्या शेपटीचा पोपट. नवऱ्याच्या आत्या लहान जागेत राहायला गेल्या, तेव्हा तो या घरी आला. पडदा चोचीत धरून लोंबकळत वर चढायचा आणि कपाटाच्या माथ्यावरून सगळ्यांवर हुकूम सोडायचा, म्हणून मुकादम. आईचा शब्द त्याने महिन्याभरात उचलला, तोही हुबेहूब तिच्या आवाजात! आई आंघोळीला गेली असली तरी कपाटावरून "पडशील!" यायचं आणि गोटी निमूटपणे खाली बसायची.

"बघा, या घरात मला आता दोन सुना झाल्या," सासूबाई म्हणायच्या. "दुसरी निदान गप्प बसायला दाणे तरी घेते!"

दर दोन-तीन महिन्यांनी आई मुकादमाला पिंजऱ्यात घालून पाळीव प्राण्यांच्या दुकानात न्यायची. दुकानदार पंख पसरवायचा आणि लांब पिसं कचाकच कापायचा. "नखं काढल्यासारखं असतं ताई, दुखत नाही काही." आईला तेवढंच ऐकायचं असायचं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो एकदा भीत भीत म्हणाला, "अगं, घरातल्या घरात उडू दे की त्याला."

"वर पंखा गरगरतोय, समोर काच, आत गॅस पेटलेला. उडू दे म्हणे! तू असतोस बाहेर, निस्तरायचं कोणी?"

"म्हणजे पंखा राहावा म्हणून पंख गेले," सासूबाई पुटपुटल्या. "न्याय भारीच आहे हो."

आणि एका दुपारी स्वयंपाकघरात झाकण्यांची चळत धाडकन कोसळली. मुकादम दचकला. घाबरलेला पक्षी करतो तेच त्याने केलं. त्याने हवेत झेप घेतली! पण हवा धरायला पिसंच नव्हती. अर्धवट पंख फडफडले आणि तो कपाटावरून दगडासारखा फरशीवर आदळला. आईने उचलला तेव्हा छातीची कातडी फाटली होती आणि तिच्या तळहातावर रक्त होतं. मुकादम एक शब्द बोलला नाही. तेच तिला सहन होईना.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई तिच्या स्वतःच्या आईच्या वयाच्या होत्या. पहिल्या वाक्यापासून अगं-तूगं. त्यांनी जखम धुतली, टाके घातले, मुकादमाला उबदार पेटीत ठेवलं. "वाचेल. चिवट आहे."

आईने डोळे पुसले. "डॉक्टर, आता त्याचे पंख आणखी आखूड करा. झेप घ्यायची इच्छाच व्हायला नको."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "इच्छा काय पिसांत असते? उडायचं त्याच्या रक्तात आहे. पिसं कापलीस म्हणून झेप थांबली नाही, फक्त उतरणं थांबलं. अगं, पंख नुसते वर जायला नसतात, अलगद खाली यायलाही तेच लागतात."

"पण माझ्या घरात किती धोके आहेत!"

"सांग बरं, कोणकोणते?"

"पंखा. खिडकीची काच. गॅस. उघडं दार."

"यातलं पोपटाच्या अंगावर काय आहे?"

आईने पेटीतल्या मुकादमाकडे पाहिलं.

डॉक्टरांची नजर तिच्या कानामागच्या पेन्सिलीकडे गेली. "तू काम काय करतेस?"

"प्रुफं तपासते."

"मग चूक एका पानावर आणि दुरुस्ती दुसऱ्याच पानावर, असं करतेस का कधी?"

आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं जिने एक वेलांटी सुटू दिली नाही, तिच्या हातून घरात केवढी चूक झाली होती! चुका सगळ्या घराच्या पानावर, आणि काट मारत होती ती मुकादमावर!

घरी आल्यावर तिने कानामागची पेन्सिल काढली आणि घरच तपासायला घेतलं. पंख्याच्या बटणाशेजारी चिठ्ठी: "आधी मुकादम कुठे आहे ते पाहा." काचेवर झिरझिरीत पडदा. खिडकीला जाळी. स्वयंपाकघराच्या दाराला कडी. पाण्याच्या पिंपाला झाकण. बाहेरच्या दाराला दुसरं जाळीचं दार, ते नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी बसवलं. "आमच्या लिफ्टलासुद्धा दोन दारं असतात," तो ऐटीत म्हणाला. "मी आधीच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून तोंडघशी पडलो असतो!"

सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या.

पिसं काही एका रात्रीत येत नाहीत. कापलेले खुंट एकेक करून गळायचे आणि त्या जागी नवं पीस डोकावायचं. आई रोज मोजायची. जखम भरली, डॉक्टरांनी होकार दिला, तशी शिकवणी सुरू झाली. आधी हातावरून खुर्चीवर, मग खुर्चीवरून टेबलावर. मुकादम आता पुन्हा बोलायला लागला होता आणि गोटी पंधरा महिन्यांची झाली होती. ती अजून टेबल सोडत नव्हती.

तो दिवस आला तेव्हा सगळे घरात होते. पंखा बंद, दार बंद. मुकादम कपाटाच्या माथ्यावर बसला होता. त्याने पंख उघडले. केवढे मोठे होते ते! आईच्या ओठांवर शब्द आलाच होता. तिने तो दातांखाली धरला.

मुकादम झेपावला. खोलीभर वाऱ्याचा सपकारा उठला, प्रुफाचे कागद उडाले, आणि ऐन हवेत, पडद्याजवळ वळण घेता घेता, मुकादम स्वतःच आईच्या आवाजात ओरडला, "पडशील!"

आणि तो अलगद खुर्चीच्या पाठीवर उतरला.

सगळे पोट धरून हसायला लागले. हसण्याच्या त्या गलक्यात कोणाचंच लक्ष नव्हतं. आईचं मात्र होतं. गोटीने टेबल सोडलं होतं! नजर खुर्चीवरच्या मुकादमावर, दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले. एक पाऊल. दुसरं. डगमगली. आई खाली बसली, तिने हात पुढे केले आणि म्हणाली, "ये!"

गोटी तिसऱ्या पावलाला धपकन पडली, आणि हसली. आणि पुन्हा उठली.

वाचकहो, आपल्या आधाराने राहणाऱ्या जिवाची काळजी आपल्याला वाटते, वाटायलाच हवी. पण त्या काळजीची कात्री नेहमी त्याच्याच अंगावर का चालवायची? पोपट पाळायचा तर घर त्याच्या पंखांजोगं करूया, त्याचे पंख घराजोगे नकोत. दार लावायचे, पंखा थांबवायचे कष्ट आपले. उडणं त्याचं.

या घरात आता दुसराच शब्द घुमतो. गोटी खोलीच्या या टोकाला उभी राहिली की कपाटावरून आईच्याच आवाजात हुकूम सुटतो, "ये!"

आणि ती येते.